फॅमिली डॉक्टर शोधावेत ते बरं असताना

घर लागलं, मुलांची शाळा ठरली, डॉक्टरांचं मात्र ‘गरज पडली की बघू’वर राहतं. मग गरज पडते ती रात्री अकरा वाजता, १०३ ताप असलेलं पोर खांद्यावर टाकून, आणि त्या वेळी ज्या दवाखान्याचा दिवा चालू दिसतो तेच आपले फॅमिली डॉक्टर होऊन बसतात. छोट्या गावात ही चूक महागात पडते, कारण पर्याय चार-पाचच असतात आणि पुढचं मोठं रुग्णालय तास-दीड तासावर असतं. म्हणून हे काम घरात सगळे धडधाकट असतानाच उरकायचं. दोन-तीन आठवडे आणि एक-दोन फेऱ्या, एवढंच लागतं.

विचारपूस करा, पण नेमकी

‘इथे चांगले डॉक्टर कोण?’ असं विचारलं की ज्यांच्याकडे गर्दी, त्यांचंच नाव पुढे येतं. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ हेही ऐकायला मिळतं. या हातगुणाचा हिशोब जरा मांडून बघा. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपणच जाते. पहिले तीन दिवस माणूस अंगावर काढतो, चौथ्या दिवशी एका दवाखान्यात जातो, सहाव्या दिवशी वैतागून दुसऱ्या, आणि आठव्या दिवशी नाक मोकळं झालं की सगळं श्रेय दुसऱ्या डॉक्टरांना. पहिल्यांनी ‘आठवडाभरात उतरेल, आराम करा’ असं खरं तेच सांगितलेलं असतं, पण नाव होतं ते दुसऱ्यांचं.

त्यापेक्षा तीन प्रकारची माणसं गाठा. एक, जुना मधुमेह किंवा बीपी असलेलं कुणीतरी. त्यांना विचारा, ‘शेवटची लघवीची आणि डोळ्यांची तपासणी डॉक्टरांनी कधी करायला लावली?’ मधुमेहात ही दोन्ही वर्षातून एकदा व्हायला हवीत, पावलंही वर्षातून एकदा नीट तपासायला हवीत, आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी तीन ते सहा महिन्यांनी. नुसत्या गोळ्याच पुढे चालू ठेवल्या जात असतील तर उत्तर मिळालं. दुसरी, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणारी व्यक्ती. रात्री फोन केला तर काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तिसरा, मेडिकलवाला. गावातली प्रत्येक चिठ्ठी त्याच्या हाताखालून जाते. कुणाचं अक्षर लागतं, साध्या खोकल्याला सहा-सहा औषधं कोण लिहितं, हे त्याला पाठ असतं. मात्र दुकान दवाखान्याला लागूनच असेल तर त्याचं मत सोडून द्या, तो शेजाऱ्याचंच नाव सांगणार.

पाटीवरचं वाचा

दोन-तीन नावं हाती आली की पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक टिपून घ्या. वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत तो क्रमांक शोधता येतो; बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही संकेतस्थळावर खुली असते. तीन गोष्टी जुळवायच्या: नाव तेच आहे का, पदवी तीच आहे का, नोंदणी आजही चालू आहे का. ज्या शाखेची पदवी, त्याच शाखेची औषधं देतात का, हेही बघा. पदवीपुढे लांबलचक अक्षरांची आगगाडी असली तर दबून जाऊ नका, त्यातली काही नुसती संघटनांची सभासदत्वं असतात. आणि फॅमिली डॉक्टर म्हणून फार मोठा तज्ज्ञ हवाच असं नाही. हृदयाच्या तज्ज्ञाला मुलाच्या कानदुखीत किंवा आजींच्या गुडघ्यात रस असेलच, याची खात्री नाही.

पहिली फेरी: फक्त बीपी बघायला

काही होत नसताना जायचं कारण सोपं आहे: ‘बीपी तपासून घ्यायचा होता.’ गर्दीची वेळ टाळा. सोबत एका कागदावर चालू औषधं मिलिग्रॅमसह, कशाची अॅलर्जी, झालेली ऑपरेशनं, आणि आईवडिलांना कोणते आजार कितव्या वर्षी झाले, एवढं लिहून न्या.

बीपी कसा मोजतात यावरून दवाखान्याची शिस्त लगेच कळते. नीट पद्धत अशी. अर्ध्या तासात चहा, कॉफी, सिगारेट नको. लघवी करून आलेलं असावं. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. बाही वर करून उघड्या दंडावर पट्टा, आणि दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. मोजताना कुणीच बोलायचं नाही. एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं, आणि पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा. उलट घाईत काय होतं? जिना चढून आलेल्या माणसाला शर्टावरूनच पट्टा गुंडाळतात, हात लोंबता, आणि मोजता मोजता ‘काय म्हणतात घरचे?’ चालू. नुसत्या बोलण्यानेही आकडा दहा-एकने चढू शकतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा वरच येतो. मग बीपी नसलेल्या माणसाच्या मागे जन्मभराची गोळी लागते.

डॉक्टर घड्याळाकडे किती बघतात हे पाहण्यापेक्षा तुम्हीच मनात सेकंद मोजा. १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पेशंटचं बोलणं डॉक्टरांनी सरासरी १८ सेकंदांत तोडलेलं आढळलं होतं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना मुद्दाम गप्प राहायला सांगितलं, तेव्हा बहुतेक पेशंट दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. तेव्हा बाहेर गर्दी असली तरी दोन मिनिटं ऐकून घेणं परवडतं. जे ऐकतात ते पुढच्या तपासण्याही कमी लिहितात, असा आमचा तरी समज आहे.

एक प्रश्न जरूर विचारा: ‘हे औषध घेतलं नाही तर काय होईल?’ उत्तर सरळ आलं, अगदी ‘फारसं काही नाही, दोन दिवस उशिरा बरं वाटेल’ असं आलं, तरी डॉक्टर भरवशाचे. प्रश्नानेच कपाळाला आठी पडली तर पुढच्या नावाकडे वळा.

कशापासून सावध राहायचं

साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, कारण ती विषाणूंवर चालत नाहीत. खोकला तीन आठवडेही रेंगाळू शकतो. तिथे पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक लिहिणारे डॉक्टर तुमच्या घाईला शरण गेलेले असतात. तोंडाने खाणं-पिणं चालू असताना अशक्तपणासाठी सलाईन लावण्याचंही तसंच. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. ती सुईवाटे घेण्यात नसेला संसर्गाचा धोका तेवढा वाढतो.

सगळ्यात वाईट म्हणजे नाव नसलेल्या पुड्या. पट्टीतून काढलेल्या सुट्या गोळ्यांत काय आहे हे पुढच्या डॉक्टरांना कधीच कळत नाही. सांधेदुखी किंवा दमा एका रात्रीत पळाला तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता धरा. योग्य आजारात, योग्य मात्रेत ते उत्तम औषध आहे. पण न सांगता महिनोन्‌महिने गेलं तर साखर आणि बीपी चढतो, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केलं तर जीवावर बेतू शकतं. पुडी मिळाली तर गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. नकार मिळाला तर तो दवाखाना यादीतून बाद.

पुढे पाठवतात कसं, यावर निम्मी निवड

गावातल्या डॉक्टरांना सगळं येणं शक्यच नाही. त्यांना आपल्या हाताबाहेरचं वेळेत कळतं का, हे महत्त्वाचं. स्पष्ट विचारा: ‘छातीत दुखलं तर आम्ही इथे यायचं की थेट पुढे जायचं?’ चांगल्या डॉक्टरांकडे याचं उत्तर तयार असतं. छातीत दुखून आलेल्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. झटका असून अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं लागतं. ते जवळात जवळ कुठे मिळतं, हे त्यांना माहीत असावं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर असं इंजेक्शन द्यायला माणूस शेवटचा ठीक दिसल्यापासून साधारण साडेचार तास असतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. सीटी स्कॅन कुठल्या गावात आहे आणि रात्री चालू असतो का, हे आजच विचारून ठेवा.

पुढे पाठवताना मिळणाऱ्या पत्राकडे बघा. त्रास कधी सुरू झाला, काय आढळलं, कोणतं औषध किती वाजता दिलं, आधीची औषधं आणि अॅलर्जी, आणि पुढच्या डॉक्टरांकडून नेमकं काय हवं, हे त्यात हवं. नुसतं रुग्णालयाचं नाव छापलेलं कार्ड हातात ठेवून ‘तिथेच जा’ म्हणत असतील, तर त्यामागे कमिशन असू शकतं. ‘दुसरीकडे गेलं तर चालेल का?’ असं विचारून पाहा.

बाकीची बारीकसारीक

लहान मूल असेल तर लसींच्या फ्रीजची चौकशी करा. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात. फ्रीजच्या दारात ठेवलेल्या नकोत, आत थर्मामीटर हवा, वीज गेली तर काय करतात तेही विचारा. काही लसी गोठल्या तर वायाच जातात, आणि बाटलीकडे बघून ते कळेलच असं नाही.

डॉक्टर सुट्टीवर असले की कुणाकडे जायचं? केसपेपर ठेवतात का? आणि छोट्या गावातला खास प्रश्न: बाहेर बसलेला कंपाउंडर ‘तुम्हाला लघवीचा त्रास ना?’ असं चारचौघांत ओरडून विचारतो का? गुप्त ठेवायचा आजार असेल तेव्हा अशा ठिकाणी माणूस जायचंच टाळतो, आणि दुखणं वाढतं.

गावात एकच डॉक्टर असतील आणि ते पटत नसतील, तर काम वाटून घ्या. ताप, जखम, टाके गावात. बीपी, साखर, थायरॉइड यांसाठी शेजारच्या मोठ्या गावातले डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा. दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा, नाहीतर एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जातं.

एकदा ठरवलं की दर दोन दिवसांनी दवाखाना बदलू नका. नॉर्वेत प्रत्येकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो. २०२२ साली छापून आलेल्या तिथल्या पाहणीत पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच डॉक्टर असलेल्यांचा मृत्यूचा धोका, एक वर्षाची ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसला. तातडीने रुग्णालयात भरती व्हायचं प्रमाणही सुमारे २८ टक्क्यांनी घटलेलं. अर्थात पटतच नसेल तर सोडा, पण भांडून नाही. आधीचे रिपोर्ट, ईसीजीच्या पट्ट्या आणि चालू औषधांची यादी यांच्या प्रती मागून घ्या. ईसीजीचा कागद उन्हात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत फिका पडतो, त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. पुढच्या डॉक्टरांना नव्या ईसीजीशी ताडून बघायला ती जुनी पट्टीच लागते.