मोठ्या ब्रेकनंतर पार्लरच्या कामात परतताय? या चुका टाळा

अकरा वर्षांनी पुन्हा खुर्चीमागे उभी राहिले तेव्हा मला धास्ती एकच होती, हात चालेल का? दोरा बोटांत अडकवला आणि दोन मिनिटांत कळलं की चालतोय. मी निर्धास्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी तोंडावर आपटले.

अपर लिपचं वॅक्स होतं. आयुष्यात शेकड्यांनी केलेलं काम. स्ट्रिप ओढली आणि ओठाच्या डाव्या बाजूला नखाएवढी साल तिच्याबरोबर निघून आली. खाली ओलसर, लालबुंद त्वचा. वॅक्स गरम नव्हतं, ओढण्याची दिशाही बरोबर होती. मग चौकशी केली तेव्हा समजलं की बाई तीन महिन्यांपासून रोज रात्री रेटिनॉल (सुरकुत्या-मुरमांसाठीचं व्हिटॅमिन ए गटातलं औषधी क्रीम) लावत होत्या. मी आधी विचारलंच नव्हतं. काम सोडलं तेव्हा माझ्या क्लायंटपैकी कुणाच्या तोंडी हे नावसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून ब्रेकनंतर परतणाऱ्या प्रत्येकीला मी एकच सांगते. विसरलेल्या गोष्टींना घाबरू नका, त्या दोन दिवसांत आठवतात. पक्क्या आठवतात त्या गोष्टी तपासून घ्या, कारण घोळ तिथेच होतो.

बसवलं की थेट कामाला लागणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पूर्वी "काही अ‍ॅलर्जी आहे का?" एवढं विचारलं तरी निभायचं. आता घरोघरी कपाटात रेटिनॉल, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. यांतली बरीचशी त्वचेचा वरचा थर पातळ किंवा हळवा करतात, आणि वॅक्स नेमकं त्याच थराला चिकटतं. रेटिनॉल किंवा त्याच गटातलं जास्त तीव्र ट्रेटिनॉइन लावणाऱ्या व्यक्तीने वॅक्सच्या आधी पाच ते सात दिवस ते बंद ठेवायला हवं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल तर वॅक्स करायचंच नाही. गोळी बंद झाल्यावरही सहा महिने थांबायचं. "थोडंसंच करते" हा मधला मार्ग इथे चालत नाही.

विचारायचं कसं, यातही गंमत आहे. "चेहऱ्याला काही लावता का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "छे, साधंच क्रीम." मी आता असं विचारते: "ताई, रात्री झोपताना काय लावता? बाटलीचा फोटो आहे का फोनमध्ये?" दहांतल्या सात-आठ जणींकडे फोटो निघतो आणि लेबलवर सगळं लिहिलेलं असतं. मग पुढचे प्रश्न. गेल्या सहा महिन्यांत मुरमांची गोळी? रक्त पातळ करणारं औषध? मधुमेह? गरोदर? पेसमेकर? (गॅल्व्हनिक किंवा हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्वचेला विजेचा सौम्य प्रवाह देणारं मशीन लावणार असाल तर पेसमेकरचा प्रश्न चुकवून चालणार नाही.) बोटॉक्स किंवा फिलर नुकतंच केलंय का? केलं असेल तर त्या भागावर मसाज दोन आठवडे तरी नको. मधुमेह असेल तर पेडिक्युअरचं पाणी आधी स्वतःच्या कोपराने तपासा. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला पाणी पोळतंय हे कळतच नाही.

उत्तरं कार्डावर तारखेसह लिहा आणि दर खेपेला पुन्हा विचारा. मागच्या महिन्याचं उत्तर या महिन्यात खरं असेलच असं नाही.

आणि साल निघालीच तर? हात थांबवा. स्वच्छ, गार, ओला कपडा ठेवा. वर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. गुलाबपाणी, सुगंधी जेल, तुरटी यांतलं काहीही लावू नका. खपली काढायची नाही आणि भरून येईपर्यंत ऊन टाळायचं, हे क्लायंटला सांगा. सावळ्या आणि गडद त्वचेवर अशा जागी काळा डाग राहतो आणि तो जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. हेही त्याच क्षणी सांगून टाका, नंतर तिने येऊन विचारण्याची वाट पाहू नका. पाणी सुटलं, सूज वाढली तर डॉक्टरकडे पाठवा.

"हिला तर मी दहादा केलंय"

जुनी क्लायंट परत आली की आनंदाच्या भरात पॅच टेस्ट राहून जाते. हेअर कलरमधल्या पीपीडी या रंगाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी पहिल्याच वेळी होते असं नाही. वर्षानुवर्षं काही न होता एक दिवस अचानक पापण्या सुजू शकतात. मधल्या काळात तिने काळ्या मेंदीचा टॅटू काढून घेतला असेल तर धोका आणखी वाढतो, कारण तशा मेंदीत बहुतेकदा पीपीडीच मिसळलेलं असतं. म्हणून कलर आणि पापण्या-भुवयांचा टिंट यांच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला टेस्ट. लॅश एक्स्टेन्शनच्या गोंदालाही टेस्ट हवीच, कशी ते कंपनीच्या सूचनेत पाहा. क्लायंट घाईत असेल तर ती रुसेल. रुसू दे.

डोळ्यांचा विचारच न करणं

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा लांबण लावते. ब्रेक घेतला तेव्हा आपण तिशीत असतो, परततो तेव्हा चाळिशी ओलांडलेली असते. चाळिशीत जवळचं दिसणं कमी होतं, आणि आपलं सगळं काम हाताच्या अंतरावरचं. माझ्या लक्षात कसं आलं सांगू? थ्रेडिंग करताना मी मान मागे घेत होते. आठवडाभर मान आखडली, तेव्हा वाटलं सवय गेलीय, होईल ठीक. मग एका मैत्रिणीची उजवी भुवई डावीपेक्षा बारीक झाली आणि तिने आरसा माझ्यापुढे धरला.

डोळे तपासून घ्या, पण नुसता "वाचायचा चष्मा द्या" म्हणू नका. कामाच्या स्थितीत उभ्या राहा आणि डोळ्यापासून क्लायंटच्या भुवईपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या. चष्मा त्या अंतराचा हवा. भिंगाचा दिवा घेताना जास्त नंबरचा चांगला, हा समज सोडा. ५ डायॉप्टरच्या (म्हणजे ५ नंबरच्या) भिंगाला साधारण २० सेंटीमीटरवर स्पष्ट दिसतं, तेवढ्या जागेत दोरा धरलेले दोन्ही हात हलवणं अवघड. ३ डायॉप्टरला सुमारे ३३ सेंटीमीटर मिळतात. थ्रेडिंगला तेच सोयीचं.

दोरा दातांत धरायची सवय असेल तर तीही मोडा. मानेत अडकवून काम करायला शिका. पहिले चार दिवस हात वेडावाकडा जातो, मग बसतं.

जुनी पेटी उघडून कामाला लागणं

जीव तुटतो, कळतं मला. पण उघडलेल्या क्रीमच्या, स्क्रबच्या डब्या टाकून द्या. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि ६एम, १२एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. तुमची डबी वर्षांच्या हिशेबात गेली. वॅक्स हीटरचा थर्मोस्टॅट बिघडला असू शकतो, त्यामुळे पहिल्यांदा तापवाल तेव्हा शेजारी उभ्या राहा आणि दर वेळी आधी स्वतःच्या मनगटावर थेंब घेऊन पाहा.

जुना नेल लॅम्प, म्हणजे नखांचं जेल पॉलिश कडक करायचा दिवा, तर अजिबात वापरू नका. यूव्ही ट्यूबचा जोर वापराने घटतो. जेल वरून कडक दिसतं आणि आत कच्चं राहतं. असं कच्चं जेल त्वचेला लागत राहिलं की त्यातल्या अ‍ॅक्रिलेट या रसायनाची अ‍ॅलर्जी होऊ शकते, क्लायंटला आणि आपल्यालाही. ती बहुधा जन्मभर राहते, पुढे दातांच्या काही उपचारांतही आडवी येते. नखांभोवती खाज, बोटांची टोकं फुटणं, कधी तर पापण्यांवर पुरळ, ही तिची लक्षणं. जेल आणि लॅम्प शक्यतो एकाच कंपनीचे घ्या, जेल कातडीला लागू देऊ नका आणि लागलं तर लॅम्पखाली हात जाण्याआधी पुसून काढा. जुन्या बाटल्यांवरची घटकांची यादीही वाचा. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत टीपीओवर (दिव्याखाली जेल कडक करणारं रसायन) बंदी घातली, आणि हा घटक जेल पॉलिशमध्ये सर्रास असायचा.

निळ्या दिव्याच्या कपाटावर विश्वास

यूव्ही कॅबिनेटने अवजारं निर्जंतुक होतात, असं मलाही शिकवलं होतं. होत नाहीत. प्रकाश पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर थोडा परिणाम होतो; कात्रीच्या सांध्यात, प्लकरच्या आतल्या बाजूला काही पोचत नाही. ते कपाट आधीच साफ केलेली अवजारं ठेवायला ठीक. आधी साबण आणि ब्रशने घासणं, वाळवणं, मग डिसइन्फेक्टंटमध्ये लेबलवर लिहिलेला पूर्ण वेळ बुडवणं, हा क्रम हवा. क्यूटिकल निपरसारख्या, रक्त लागू शकतं अशा धातूच्या अवजारांना ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र): १२१ अंश सेल्सियसला १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना ३ मिनिटं. स्पिरिट ७० टक्क्यांचंच घ्या. जास्त तीव्र घेतलं तर उलट काम कमी होतं, जंतूंवर परिणाम व्हायला त्यात थोडं पाणी लागतं. आणि वॅक्सचा स्पॅट्युला एकदाच बुडवायचा. लावला की टाकायचा.

जुन्या फॅशनची भुवई, जुन्या गप्पा

आपला हात बारीक कमानीला सरावलेला असतो. विचारायच्या आतच तो आतून केस काढू लागतो. आधी फोटो मागा, कमी काढा, आरसा द्या, मग पुढे. वाफेने "रंध्रं उघडतात" हे वाक्यही सोडून द्या. रंध्रांना स्नायू नसतात, ती दारासारखी उघडत-मिटत नाहीत. वाफेने तेल आणि मळ मऊ होतो, एवढंच. समोरच्या मुलीने ते फोनवर वाचलेलं असतं आणि ती मनातल्या मनात हसते.

पहिल्याच आठवड्यात दिवस भरून घेणं

घरकामाने हात दुखतात ते दुखणं वेगळं आणि दोऱ्याचं वेगळं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला कळ यायला लागली तर ती कंडरांवर ताण आल्याची खूण आहे. तेल चोळून त्याच वेगाने काम रेटू नका. पहिला महिना दोन अपॉइंटमेंटमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. त्याआधी घरच्या, ओळखीच्या आठ-दहा जणींवर सराव करा आणि घड्याळ लावून वेळ लिहा. माझं अर्ध्या तासाचं काम पहिल्यांदा बावन्न मिनिटांना संपलं होतं. आकडा समोर असला की वेळापत्रक खरं बनतं.

"सगळं येतं" आणि "माफ करा, ब्रेक होता"

नोकरीसाठी गेलात की ही दोन टोकं दिसतात. लेझर, मायक्रोनीडलिंग येत नसेल तर येत नाही म्हणा. गडद त्वचेवर चुकीच्या वेव्हलेंग्थने लेझर मारलं तर भाजतं, तिथे अंदाजाने हात टाकणं म्हणजे आगीशी खेळ. दुसरीकडे ब्रेकबद्दल ओशाळून दर पाडणाऱ्याही पुष्कळ. मीही पाडले होते. वर्षभर वाढवता आले नाहीत. किती वर्षं काम केलं, मधे किती थांबलात, परतताना काय नव्याने शिकलात, एवढं सरळ सांगा आणि ट्रायल मागा. वयाने निम्म्या मुलीला "हे दाखव ना गं" म्हणायला जड जातं, पण लॅश लिफ्ट मला तशाच एका मुलीने शिकवली, तीन दुपारींत.

त्या अपर लिपवाल्या बाई अजून येतात. डाग जायला दोन महिने लागले, तोवर दर आठवड्याला मी फोन करत होते. आता आम्ही त्यांना थ्रेडिंगच करतो, तेही जपून. खुर्चीत बसल्या की पर्स ठेवायच्या आधी फोन पुढे करतात, नव्या बाटलीचा फोटो उघडलेलाच असतो.