स्पेनच्या खेड्यातल्या गेस्टहाऊसला जाताय? किराणा आधीच घ्या

ग्रानादा शहराजवळ सिएरा नेवादा डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा अशी पांढरीशुभ्र गावं आहेत, तिथल्या जुन्या दगडी घरांची आता सुंदर छोटी गेस्टहाऊसेस झालीयेत, त्यांना कासा रुराल म्हणतात. बुक करताना पूर्ण घर भाड्याने आहे की नुसती खोली ते नीट बघा, कारण पूर्ण घर असेल तर किचन मिळतं पण नाश्ता बहुतेक नसतो. पोचायची वेळ मालकाला मेसेज करून ठेवा, चोवीस तास रिसेप्शन वगैरे नसतं.

मुख्य सांगायचं ते हे, दुपारी २ च्या सुमारास दुकानं बंद होतात ती थेट ५-५:३० ला उघडतात, रविवारी तर बरीचशी बंदच, आणि हॉटेलात रात्रीचं जेवण ८:३० च्या आधी मिळणं कठीण. आम्ही ४ ला पोचलो, लेक भुकेने रडकुंडीला आलेली, शेवटी मालकीणबाईंनी भाजलेल्या पावावर टोमॅटो किसून वर ऑलिव्ह ऑइल ओतून दिलं, ती चव अजून जिभेवर आहे! त्यामुळे दूध, अंडी, फळं ग्रानादातूनच घेऊन निघा.

व्हेज असाल तर "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून" असं तिन्ही सांगा, म्हणजे मटण-चिकन, हॅम, ट्यूना काहीच नको, नाहीतर भाजीतसुद्धा हॅमचे तुकडे निघतात. कापिलेइरा १४०० मीटरच्या वर आहे, उन्हाळ्यातही रात्री स्वेटर लागतो. आणि गल्ल्या चढाच्या, दगडी, चाकाची बॅग नकोच, सॅक घ्या.