ठाण्याची थंडी आणि शाळकरी मुलं: या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या प्राथमिकच्या वर्गांत दोन गोष्टी हमखास वाढतात. हजेरीपटावरच्या गैरहजेरीच्या खुणा, आणि शेवटच्या बाकावर साठत जाणारे बेवारस स्वेटर. मी ठाण्यात लहान मुलांना शिकवते. माझं स्पष्ट मत आहे की इथल्या मुलांना थंडी फारशी बाधत नाही. बाधते ती सकाळची हवा, आणि त्याहून जास्त घरचे उपाय.

आपल्याकडे थंडी पडते म्हणजे काय? पहाटे पारा सोळा-सतरावर उतरतो आणि दुपारी एकपर्यंत तीस-बत्तीसवर चढतो. ही काही महाबळेश्वरची थंडी नव्हे. कपडे, खेळ, औषध सगळं त्या चढउताराच्या हिशेबानं हवं.

मूल गुंडाळून पाठवणं

बनियन, गणवेश, स्वेटर, वर जॅकेट आणि कानटोपी. सकाळी बसची वाट बघताना हे ठीक वाटतं. मधल्या सुट्टीत तेच मूल पकडापकडी खेळून घामानं निथळतं आणि ओल्या बनियनवर पुढचे तास काढतं. पहिलीतल्या मुलांची अडचण तर आणखीनच वेगळी. घट्ट गळ्याचा स्वेटर डोक्यातून काढता येत नाही, बाईंना सांगायची लाज वाटते, मग लालबुंद चेहऱ्यानं घाम पुसत बसून राहायचं. समोरून चेन असलेला एकच स्वेटर द्या आणि तो काढून दप्तरात ठेवायचा सराव घरी दोन-तीनदा करून घ्या. कॉलरच्या आत नाव लिहायला विसरू नका, कारण गडद निळे वीस स्वेटर एकसारखेच दिसतात.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असं राज्य सरकारनं २०२४ मध्ये सांगितलं. ज्या शाळांनी वेळ बदलली, तिथल्या काही घरांत मुलांची झोपायची वेळही तेवढीच पुढे सरकली. म्हणजे मिळालेला तास मोबाईलनं खाल्ला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. थंडीत उठवताना रडारड होत असेल, तर आधी रात्रीचं घड्याळ बघा.

सकाळची हवा ताजी समजणं

'सकाळच्या मोकळ्या हवेत जरा पळून ये' हे वाक्य जूनमध्ये ठीक होतं. डिसेंबर-जानेवारीत ते उलटतं. रात्री जमीन झपाट्यानं गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, आणि वर उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो थर बसतो आणि रात्रभराचा धूर-धूळ खालीच कोंडतो. घोडबंदर रोडचे डंपर आणि मेट्रोची कामं, महापे-रबाळे-तळोजाचे कारखाने, टॉवरची बांधकामं या सगळ्यांचा कचरा पहाटे आपल्या नाकाच्या उंचीवर असतो. ऊन तापलं आणि समुद्रावरचं वारं सुटलं की तो पांगतो. हिवाळ्यात हे वारंही उशिरा सुटतं. म्हणून आठ वाजता खाडीपलीकडचं काही दिसत नसेल, तर त्याला 'मस्त धुकं पडलंय' म्हणून स्टेटस ठेवण्याआधी थांबा. त्यात बराचसा धुरळाच असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' हे अ‍ॅप फुकट आहे. त्यात जवळच्या केंद्राचा हवा निर्देशांक, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, बघा. १००च्या आत असेल तर बिनधास्त खेळू द्या. १०१ ते २०० म्हणजे मध्यम, तेव्हा दम्याच्या मुलांना जपा. २००च्या वर गेला की धावपळीचा खेळ त्या सकाळपुरता रद्द. खेळ बंद करू नका, फक्त वेळ बदला. सकाळी साडेसहाच्या क्रिकेट कोचिंगऐवजी दुपारी चारची बॅच शोधा. उपवनला किंवा नेरुळच्या तळ्याकाठी मुलांना न्यायचं तेही दुपार कलल्यावर, सूर्य मावळायच्या आत. क्रीडादिनाच्या सरावासाठी शाळा भल्या पहाटे बोलावत असेल, तर पालकसभेत विचारा. विचारल्यानं वेळा बदलतात. कुणी विचारतच नाही, ही खरी अडचण आहे.

याच विषयातली एक गोष्ट अगदी फाटकापाशी असते. सोसायटीचे वॉचमनदादा रात्री कुडकुडतात, मग सुकी पानं, पुठ्ठे, थर्माकोल, हाताला येईल ते पेटवून शेकोटी करतात. सकाळी ती धुमसत असते आणि बरोब्बर तिथेच शाळेच्या बसची रांग लागते. प्लास्टिकचा तो धूर आपली मुलं दहा-दहा मिनिटं ओढतात. वॉचमनवर खेकसून उपयोग नाही, त्यांना थंडी खरंच वाजते. सोसायटीच्या फंडातून जाड ब्लँकेट, स्वेटर आणि केबिनला दार, एवढं केलं की शेकोटी आपोआप बंद होते.

घरातली शेकोटी म्हणजे डासांची कॉइल. खाडीच्या कडेला राहणाऱ्यांना सांगायला नको, थंडीत डास कमी होत नाहीत. खिडक्या गच्च बंद, आत कॉइल, वर संध्याकाळचा धूप, आणि रात्री दोन वाजता मुलाला खोकल्याची उबळ. मग दोष येतो दुपारच्या दह्यावर. खिडकीला जाळी लावा, मच्छरदाणी लावा. कॉइल लावायचीच असेल तर मुलं खोलीत नसताना. आणि खिडक्या दुपारी, हवा बरी असते तेव्हा, तास-दोन तास सताड उघडा.

औषधांचा घरगुती दवाखाना

इथे मला जरा कडक बोलावं लागेल, कारण दप्तरात बाटल्या येतात. 'बाई, डबा खाल्ल्यावर एक चमचा द्या' अशी चिठ्ठी असते. कुठला चमचा, कशाचं औषध, कुणी लिहून दिलंय, याचा पत्ता नसतो.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या कफ सिरपमुळे लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती साधारणपणे देण्याचा सल्ला नाही. थोडक्यात, पहिलीतल्या ताईचं सिरप बालवाडीतल्या भावाला पाजू नका. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. शेंबूड हिरवा-पिवळा झाला एवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही. मागच्या वेळची उरलेली बाटली फेकूनच द्या. नाक चोंदलं तर सलाईनचे थेंब, खोकल्याला कोमट पाणी आणि रात्री चमचाभर मध. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

तापाच्या औषधात घोळ होतो तो बाटलीवरच्या आकड्यात. पॅरासिटामॉलच्या काही बाटल्यांत ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, काहींत २५०. खोका एकसारखा, फरक दुप्पट. 'नेहमीसारखं एक झाकण' म्हणून आजीनं दिलं की कधी मात्रा अर्धी पडते, कधी दुप्पट. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तुमच्या घरातल्या बाटलीतून ते किती मिली होतं, ते डॉक्टरांकडून एकदाच विचारून घ्या आणि चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.

वाफारा हा आपला लाडका उपाय, पण उकळत्या पाण्याचं पातेलं, वर टॉवेल आणि चुळबुळ करणारं सात वर्षांचं मूल ही भाजण्याची पूर्ण तयारी झाली. सर्दीला त्याचा फायदा फारसा नाही. ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात. शाळेत मुलं काय वाट्टेल ते चघळतात, पेन्सिलीची टोकं बघा एकदा.

औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणारा नेब्युलायझर आता घरोघरी दिसतो. शेजारच्या मुलाला लागू पडलेलं औषध आपल्या मशीनमध्ये घालून देण्याइतका तो साधा नाही. एकच मास्क दोन मुलांना लावू नका. आणि ज्यांना डॉक्टरांनी दम्याचा पंप (इनहेलर) लिहून दिलाय त्यांनी 'सवय लागेल' म्हणून तो कपाटात ठेवू नये. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे अगदी थोडं पुरतं. लहान मुलांना तो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच द्यायचा. रात्री किंवा पळाल्यावर येणारा खोकला तीन-चार आठवडे हटत नसेल तर ती सर्दी नसू शकते. दम्याची तपासणी करून घ्या.

डबा, पाणी, ऊन

केळं, पेरू, संत्रं, दही यांनी सर्दी होते हा समज काही जात नाही. पेरूत तर संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, आणि आत्ताच तो बाजारात भरपूर आहे. फोडी करून तिखट-मीठ लावून द्या, डबा रिकामा येईल. बाजरीची भाकरी मुलं नाकारतात तेव्हा तिचे छोटे तिळाचे वडे चालतात. तिळगुळाचे दिवस आहेत, लाडू द्या, पण घरात चार-पाच वर्षांखालचं भावंड असेल तर अख्खे शेंगदाणे, हलवा आणि बोरनहाणातल्या कडक गोळ्या त्याच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकतात.

पाण्याची बाटली भरलेली परत येते का, हे बघायचा हाच मोसम. तहान लागत नाही म्हणून मुलं पीत नाहीत, शिवाय शाळेचं स्वच्छतागृह टाळायचं असतं. मग पोट दुखतं, शौचाला खडा होतो, लघवीला जळजळतं. दप्तर उघडल्यावर आधी बाटली हलवून बघा.

'ड' जीवनसत्त्वासाठी सकाळचं कोवळं ऊन, हेही तपासून घ्यावं असं. सूर्य खाली असताना त्यासाठी लागणारे अतिनील किरण जमिनीपर्यंत फारसे पोचत नाहीत. त्यापेक्षा सकाळी दहा-अकरानंतरचं थोडा वेळचं ऊन उपयोगाचं. थंडीत ते सोसवतंही.

गॅदरिंग आहे म्हणून तापातही पाठवणं

डिसेंबरातला हा सगळ्यात अवघड प्रश्न. महिनाभर नाच बसवलेला असतो, ड्रेसचे पैसे भरलेले असतात, आणि आदल्या दिवशी ताप. सकाळी पॅरासिटामॉल देऊन मूल येतं, दहा वाजता बरं दिसतं, बारा वाजता बाकावर डोकं टेकतं. तोवर शेजारचे चौघं खोकू लागलेले असतात. औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप नसेल तरच पाठवा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरीच. नुसतं नाक गळतंय आणि मूल हसतंखेळतंय, तर या. दोन रुमाल द्या, आणि कोपरात खोकायला शिकवून पाठवा.

मूल झोपलेलं असताना श्वास मोजायला प्रत्येक आईबाबांना यायला हवं. छाती वरखाली होते ती पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त, पाच वर्षांपुढच्या मुलाचा ३०च्या वर जात असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, पाणीही घेत नसेल किंवा मूल हाक मारली तरी मलूल पडून असेल, तर तेव्हाच निघा. ताप तीन दिवसांपुढे गेला तरी डॉक्टर गाठाच. जवळचं मुलांचं रुग्णालय रात्री उघडं असतं का, हे मात्र आजच फोन करून विचारून ठेवा.