शाळेचं बांधकाम अंदाजपत्रकाबाहेर गेलं, तर

आधी कात्री नको, मोजमाप. मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही), अंदाजपत्रक आणि आलेली बिलं शेजारी ठेवून बाबवार फरक काढा. सांगलीच्या कृष्णाकाठी काळ्या मातीत घट्ट थर लागेपर्यंत पाया खोल न्यावा लागतो, म्हणून बहुतेक फुगवटा खुदाई आणि मुरूम भरावातच सापडतो. मुरूम डंपरमध्ये सैल येतो, दाबल्यावर बसतो. पैसे दाबलेल्या भरावाचे द्या. भराव ब्रासमध्ये मोजतात; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सळईचं वजन मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने ताडा: १२ मिमीची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो.

मग उरलेलं काम पाहा. फॉल्स सीलिंग, दर्शनी कमान, भिंतीवरच्या महागड्या टाइल्स खुशाल काढा. जमिनीला व्हिट्रिफाइड टाइल्सऐवजी शहाबादी किंवा कोटा फरशी चालते. कुंपणभिंत पुढच्या निधीवर ढकला. गेट मात्र आत्ताच.

सळई, सिमेंट, पाणी मारणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मुलींचं स्वच्छतागृह, १:१२ उताराचा रॅम्प यांना हात लावू नका. गळक्या गच्चीची दुरुस्ती वाचवलेल्या पैशाहून महाग पडते.

बदल ठरले की सुधारित अंदाजपत्रकाला लेखी मंजुरी घ्या. ठेकेदाराची तोंडी ‘जादा बाब’, म्हणजे अंदाजपत्रकात नसलेलं वाढीव काम, तिथेच थांबवा.