पार्किंगसाठी डांबर, काँक्रीट की पेव्हर? परवडणारा पृष्ठभाग कसा निवडावा

दुकानं, ऑफिस किंवा गोदामासमोर पार्किंग करायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: डांबर की काँक्रीट? खरं तर हा प्रश्न तिसरा किंवा चौथा यायला हवा. वरून कोण जाणार, खाली कसली माती आहे आणि पाणी कुठे जाणार, एवढं आधी कळलं की निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

पायरी 1 : आधी वजन बघा, मग गाड्या मोजा

एक मोटार उभी करायला साधारण 2.5 बाय 5 मीटर जागा लागते. आत-बाहेर करायचा रस्ता धरला तर एका गाडीमागे 25 ते 30 चौरस मीटर धरा. म्हणजे 100 गाड्यांसाठी अडीच ते तीन हजार चौरस मीटर. पण या 100 मोटारी पृष्ठभागाचं फारसं काही बिघडवत नाहीत. बिघडवतो तो ट्रक.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरतात: आसावरचं (चाकांच्या ॲक्सलवरचं) वजन वाढलं की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. आसावर एक टन असलेली मोटार आणि दहा टन असलेला ट्रक यांची तुलना केली तर वजन दहापट, पण झीज सुमारे दहा हजार पट. रोज एकदा येणारी कचऱ्याची गाडी दिवसभरातल्या सगळ्या ग्राहकांपेक्षा जास्त नुकसान करते ते यामुळे.

म्हणून जागेचा नकाशा घ्या आणि जड गाड्या जिथे येतात, वळतात, थांबतात तो भाग लाल पेन्सिलीने रंगवा: गेट, माल उतरवायची जागा, कचरापेटीचा कोपरा. बहुतेक वेळा हा लाल पट्टा वाटतो त्यापेक्षा लहान निघतो, आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर फिरतो.

पायरी 2 : माती आणि पाणी

तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्या. ओली माती तळहातावर वळून बघा. तिची बारीक दोरी वळली जात असेल तर ती चिकणमाती. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की भेगाळते. अशा मातीवर वरचा थर कितीही भारी टाका, तो फुटणारच. काळी माती असेल तर वरचा थर काढून मुरुमाचा भराव करावा लागतो, किंवा मातीत चुना मिसळून ती स्थिर करतात. मोठ्या कामाला सीबीआर चाचणी (माती किती भार पेलते ते मोजणारी) करून घ्यावी. तिचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो, आणि थर किती जाड हवेत ते तिच्यावरून ठरतं.

उतार 1 ते 2 टक्के ठेवा, म्हणजे मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर. त्याहून कमी ठेवला की डबकी साचतात. फार वाढवला तर व्हीलचेअर आणि सामानाच्या ट्रॉल्या आपोआप घरंगळायला लागतात.

खालच्या थराची दबाई झाली की माझी एक आवडती तपासणी आहे, तिला कुठलंही यंत्र लागत नाही. भरलेला ट्रक त्यावरून पायी चालण्याच्या वेगाने न्यायला सांगा आणि शेजारून चालत फक्त टायरखाली बघा. जमीन गादीसारखी दबून परत वर येत असेल, तर तेवढी जागा उकरून पुन्हा भरायची. रोलर फिरवून झाल्याचं कंत्राटदार सांगेल. टायर खोटं बोलत नाही.

पायरी 3 : पर्याय तोलून बघा

खडी सगळ्यात स्वस्त. मात्र ती कोनेदार हवी; गोल गोटे चाकाखाली सरकत राहतात. मऊ मातीवर आधी जिओटेक्स्टाइल कापड (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कृत्रिम धाग्यांचं कापड) अंथरलं नाही तर खडी हळूहळू चिखलात उतरते. धूळ उडते, पट्टे आखता येत नाहीत, व्हीलचेअर चालत नाही. गर्दीच्या दिवसांपुरत्या जादा जागेला खडी उत्तम. मुख्य दरवाजासमोर नको.

डांबराचं काम झपाट्याने होतं, सहसा एक-दोन दिवसांत गाड्या सोडता येतात, आणि दुरुस्ती सोपी असते. वैरी दोन: गळकं तेल आणि ऊन. डिझेल-ऑइल सांडतं तिथे डांबर विरघळून खडी मोकळी होते. कडक उन्हात ते मऊ पडतं. दुपारी साइड स्टँडवर लावलेली दुचाकी संध्याकाळी उचलायला गेलं की स्टँडचं टोक आत रुतलेलं सापडतं. दुचाकी पट्ट्यासाठी मी तरी डांबर निवडणार नाही.

काँक्रीट सुरुवातीला महाग पडतं. पण वजन मोठ्या भागावर पसरवतं, तेलाला दाद देत नाही आणि रंगाने फिकट असल्याने रात्री कमी दिव्यांत भागतं. मोटारींसाठी 100 ते 125 मिलिमीटर जाडी पुरते, ट्रकसाठी 150 किंवा त्याहून जास्त. सांध्यांमधलं (तडे ठरलेल्या रेषेतच पडावेत म्हणून कापलेल्या खाचांमधलं) अंतर जाडीच्या 24 ते 30 पट ठेवतात, म्हणजे 125 मिलिमीटरच्या स्लॅबला 3 ते 3.75 मीटर. सांधे कापायला उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच तडकून सांधे पाडतं, आणि ते कधीच सरळ रेषेत नसतात. किमान सात दिवस पाणी मारायचं, तोवर जागा बंद. चालू दुकानासाठी हा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही, पण खिशातून जातोच.

पेव्हर ब्लॉकची खरी किंमत पाइप फुटला की कळते. ब्लॉक उचला, पाइप जोडा, ब्लॉक परत बसवा. ठिगळ दिसत नाही. हलक्या गाड्यांना 60 मिलिमीटर, जड गाड्यांना 80 किंवा जास्त. चाकं वळतात तिथे हेरिंगबोन पद्धतीनेच (तिरपे, एकमेकांत अडकणारे) बसवा, सरळ ओळींतले ब्लॉक सरकतात. कडेला पक्का कर्ब (ब्लॉक धरून ठेवणारा काठ) नसेल तर सगळी मांडणी बाहेर सरकत जाते.

पाणी झिरपणारं काँक्रीट किंवा पेव्हर तेव्हाच परवडतात, जेव्हा खालची माती पाणी पिणारी असते आणि सांधे-छिद्रं नियमित साफ करायची तयारी असते. नाहीतर गाळ बसून ती बुजतात.

पायरी 4 : वर्षांचा हिशेब मांडा

फक्त समजण्यापुरते आकडे घेऊ. डांबराचा पहिला खर्च 100. चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि विसाव्या वर्षी सीलकोट (वरून मारायचा पातळ संरक्षक लेप), प्रत्येकी 6. बाराव्या वर्षी वरचा नवा थर, 50. चोवीस वर्षांत झाले 174. काँक्रीटचा पहिला खर्च 160, दोनदा सांधे भरायचे प्रत्येकी 5, एकूण 170. जवळजवळ बरोबरी!

मग ठरवायचं कशावरून? आज हातात किती आहे, कर्जाचं व्याज किती, जागा किती दिवस बंद ठेवता येईल आणि लाल पट्टा केवढा, यावरून. जागा भाड्याची असून करार सात वर्षांचा असेल, तर पंचवीस वर्षं टिकणारं काँक्रीट म्हणजे मालकाला दिलेली भेट. मला बहुतेक वेळा मिश्र मांडणी पटते: लाल पट्ट्यात काँक्रीट, मोटारींना डांबर, केबल-पाइप जातात तिथे पेव्हर, मागच्या जादा जागेत खडी.

पायरी 5 : कोटेशन वाचताना

"50 मिलिमीटर डांबर" असं लिहिलं असेल तर लगेच विचारा, दबाईआधी की नंतर? सैल अंथरलेला 50 मिलिमीटरचा थर रोलरखाली साधारण 40 वर येतो. म्हणून प्रत्येक थराची दबलेली जाडी, खालच्या थराची घनता (साधारणपणे प्रयोगशाळेतल्या चाचणीत मिळालेल्या कमाल घनतेच्या 95 टक्के किंवा जास्त मागतात) आणि उताराची दिशा लेखी घ्या. सगळ्यांत स्वस्त कोटेशनमध्ये काटछाट बहुधा खालच्या थरातच केलेली असते, कारण तो झाकला जातो.

शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घाला. पावसाळ्याला अजून बराच अवकाश असेल तर टँकर मागवून पाणी सोडा. तासाभराने खडू घेऊन फिरा, जिथे पाणी उभं दिसेल तिथे कडेने गोल आखा, फोटो काढा आणि मग कंत्राटदाराला बोलवा.