डॅशकॅम चिकटवायच्या आधी काच ओली करा

नागपुरात डॅशकॅम (गाडीतून समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) म्हटला की आधी उन्हाचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, गाडी उघड्यावर उभी असते आणि स्टिअरिंगला हात लावता येत नाही. म्हणून घेतानाच आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) ते विचारा. सुपरकपॅसिटरवालाच घ्या; बॅटरी उष्णतेनं फुगते.

आता माउंट, म्हणजे कॅमेरा धरून ठेवणारा आधार. सक्शन कप इथे नको. तापलं की रबर सैल पडतं, आतली हवा फुगते आणि भर दुपारी कॅमेरा डॅशबोर्डवर आपटतो. एकच कॅमेरा दोन गाड्यांत फिरवायचा असेल तरच सक्शन कप घ्या, आणि उतरताना काढून ठेवा. डॅशबोर्डवर तर चिकटवूच नका. खरबरीत प्लास्टिकवर टेप धरत नाही, काचेतलं प्रतिबिंब चित्रात उतरतं आणि डावीकडची एअरबॅग बहुधा तिथूनच उघडते. आरशाला पट्ट्यानं बांधायचे कॅमेरे मिळतात, पण आपल्या सिमेंट रोडच्या जोडांवर आरसा थरथरला की चित्रही थरथरतं. उरला दुहेरी टेपचा माउंट, तोच घ्या. पुढेमागे काढायचा असेल तर आधी काचेवर स्टॅटिक फिल्म (गोंदाशिवाय काचेला चिकटणारा पातळ प्लास्टिकचा तुकडा) आणि तिच्यावर टेप. कॅमेरा हलका असला तर चालतं.

जागेबद्दल सगळे एकच सांगतात: आरशामागे, जरा डावीकडे. वायपरचं कोणी सांगत नाही, आणि मागच्या वेळी माझ्याकडून तेच राहिलं. भर उन्हाळ्यात काच कोरडी असते, चित्र सुरेख येतं. मग मृगाचा पाऊस पडतो आणि रेकॉर्डिंगमध्ये समोरच्या ट्रकचे लाल दिवे पाण्यात पसरलेले दिसतात, नंबरप्लेट दिसतच नाही. दोन वायपरच्या कमानी जिथे भेटतात तिथे वर न पुसलेला त्रिकोण राहतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो नेमका आरशामागे येतो. अपघात पावसातही होतात, आणि पुरावा हवा तेव्हाच तो धूसर निघतो!

म्हणून टेपचा कागद सोलायच्या आधी काचेवर बाहेरून पाणी मारा, वायपर फिरवा, आत बसून बघा. पुसलेल्या भागाची कड आतून मास्किंग टेपनं आखून घ्या. लेन्स त्या कडेच्या बोटभर आत यायला हवी. माउंट नव्हे, लेन्स. माउंट वर आणि लेन्स खाली असते, मोजताना हा फरक सुटतो. कॅमेरा हातात धरून, चालू करून, मोबाइलवर चित्र बघा आणि वायपर पुन्हा फिरवा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

त्याच वेळी बघा की काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांवर टेप येत नाही (तिथे पकड कच्ची राहते), फास्टॅग झाकला जात नाही आणि आरशामागे पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्या आड काही येत नाही.

काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. नेहमीच्या काच-क्लीनरचा थर मागे राहतो. चिकटवताना काच साधारण २१ ते ३८ अंशांत असावी. म्हणजे उन्हाळ्यात पहाटे सावलीत आणि डिसेंबरात दुपारी. दाबून धरा, पण कॅमेरा लगेच लटकवू नका. व्हीएचबी जातीच्या (माउंटला असते तशा, घट्ट धरणाऱ्या दुहेरी) टेपची पकड साध्या तापमानाला २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण होते. निदान एक दिवस थांबा. आणि दाबायच्या आधी वायपर बघितला ना? एकदा चिकटलं की सरकवता येत नाही.

वायर छताच्या कापडाआडून, मग खांबाच्या आतून खाली. खांबात पडदा-एअरबॅग (बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर वायर तिच्या मागून जाऊ द्या, वरून कधीच नाही. खात्री नसेल तर जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. फ्यूजमधून वीज घेत असाल तर व्होल्टेज उतरलं की बंद होणारा किट हवा, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही. मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्सचं (सतत रेकॉर्डिंग सोसणारं), कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं. तारीख-वेळ लावा.

मागचा कॅमेरा असेल तर डीफॉगरच्या (मागच्या काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या) रेषांवर टेप नको, काढताना रेषा उखडतात. मागे वायपर असेल तर त्याचीही कड आखा.