शंटनंतरची वर्षं: घरच्यांनी कशावर नजर ठेवायची

रक्ताची उलटी थांबली, शंट झाला, पेशंट घरी आला. इथून पुढची देखभाल बरीचशी घरच्यांच्या हातात असते. शंट म्हणजे पोर्टल शिरेतल्या, म्हणजे आतड्यातलं रक्त यकृतात नेणाऱ्या शिरेतल्या, वाढलेल्या दाबाला काढून दिलेली आडवाट. ती बुजली तर पुन्हा रक्तस्रावाची भीती. जास्त मोकळी राहिली तर आतड्यातलं रक्त यकृताला वळसा घालून जातं आणि त्यातला अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. लक्ष या दोन्हीकडे हवं.

आधी डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी पाहून घ्या: यकृताला सिरोसिस (व्रण पडून यकृत कडक होणं) आहे का, शंट ऑपरेशनचा की मानेतल्या शिरेतून टाकलेल्या स्टेंटचा (जाळीच्या नळीचा) म्हणजे टिप्सचा, आणि पाणथरी (प्लीहा) काढली की ठेवली. यकृताबाहेरच पोर्टल शीर बुजलेल्या मुलांचं यकृत बहुधा चांगलं असतं. त्यांचा शंट चालू राहिला तर ती वर्षानुवर्षं नीट राहतात. सिरोसिसमध्ये मात्र शंट दाब उतरवतो, मूळ आजार तसाच राहतो.

टिप्सनंतर जास्त सतावतो तो मेंदूवरचा परिणाम, आणि तो हळूच सुरू होतो. दिवसा झोप, रात्री जाग, उगाच चिडचिड, बिघडलेली सही, सुट्टे पैसे मोजताना गोंधळ. एक सोपी चाचणी: एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगायला लावा. दहाही होत नसतील तर डॉक्टरांना कळवा. आठवड्याला एकदा सही घेऊन तारीख टाकून ठेवली तर फरक चटकन दिसतो. अशा दिवसांत गाडी चालवणं बंद, आणि लोकलचा एकट्याने प्रवासही नको.

लॅक्टुलोज, म्हणजे शौचावाटे अमोनिया कमी करणारं पातळ औषध, साधारण १५ ते ३० मिली, दिवसातून दोन-तीनदा देतात. पण खरं माप बाटलीवर नसतं, दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होणं हेच माप. मुंबईत औषध चुकतं ते बहुतेक प्रवासापायी. लोकलमध्ये शौचालय नाही, म्हणून सकाळचा डोस टाळला जातो, मग बद्धकोष्ठ आणि दोन दिवसांत गुंगी. डोस टाळू नका, डॉक्टरांना विचारून त्याच्या वेळा बदलून घ्या. उलट पाच-सहा जुलाब होऊ लागले तर शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होऊन गोंधळ वाढतो, तेव्हा डोस कमी करावा लागतो. झोपेची गोळी परस्पर कधीच नको.

‘लिव्हरचा पेशंट, डाळ-अंडी बंद’ हा सल्ला अजूनही कानावर येतो आणि त्याने फार नुकसान होतं. स्नायूही अमोनिया निकामी करतात, ते झिजले की त्रास वाढतो. सिरोसिसमध्ये रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६, कपभर दुधात ६-७, १०० ग्रॅम मासळीत २० च्या आसपास. डाळ, दूध, दही, पनीर जास्त मानवतात. झोपण्यापूर्वी नाचणीची खीर किंवा दूध-पोहे द्या, रात्रीचा उपास लांबू देऊ नका. पोटात पाणी असेल तर पापड, लोणचं, फरसाण, खारवलेली सुकी मासळी बंद. कालवं-तिसऱ्या पूर्ण शिजवूनच.

शंट चालू आहे का, हे डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, सांगते. आवरण असलेला स्टेंट नवा असताना त्याच्या कापडात हवा अडकलेली असते आणि चित्र फसवतं, म्हणून पहिली तपासणी आठवड्याभराने, पुढे साधारण दर सहा महिन्यांनी. उपाशीपोटी आणि शक्यतो त्याच ठिकाणी करा. स्टेंटमधला रक्ताचा वेग बहुधा सेकंदाला ९० ते १९० सेंटिमीटर असतो. एकट्या आकड्यापेक्षा आधीच्या आकड्याशी तुलना महत्त्वाची, म्हणून जुने रिपोर्ट जपा. अरुंद झालेला स्टेंट फुग्याने रुंद करता येतो. पोट पुन्हा फुगलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं झालं तर रक्ताची शंका घ्या. लोहाच्या गोळीनेही रंग काळा होतो, पण तो चिकटपणा नसतो. अशा वेळी ओपीडी नव्हे, थेट कॅज्युअल्टी. १०८ ला फोन करा.

पाणथरी काढली असेल तर ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लशी ठरलेल्या ऑपरेशनआधी दोन आठवडे घेतात, राहिल्या असतील तर विचारून आता घ्या. पावसाळ्यात मलेरिया या पेशंटला फार जोरात होऊ शकतो, मच्छरदाणी हवीच. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनबरोबर अँटिबायोटिकचंही विचारा.

अंगदुखीला आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक नकोत. सिरोसिसमध्ये पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत. गुळवेलीचा काढाही नको: २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी त्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आणि शंट कितीही छान चालू असला तरी सिरोसिसच्या पेशंटची यकृताच्या कॅन्सरसाठीची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी करायचीच. डॉपलरच्याच दिवशी ती करून घेतली तर एक फेरी वाचते.